किती किलोमीटर, पण कुठल्या रस्त्याने?

मला एक रिकामटेकडा छंद आहे, दोन लांबलांबची शहरं घ्यायची आणि त्यांच्यातलं विमानाचं अंतर शोधत बसायचं. जायचं कुठेच नसतं, उगाच. परवा दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को टाकलं, उत्तर आलं साधारण १२,४०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात बघितलं तर एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला, म्हणून मग माळ्यावरचा जुना पृथ्वीगोल काढला, धूळ पुसली, शिवणाचा दोरा घेतला आणि दोन्ही शहरांवर बोटं दाबून ताणला. दोरा पूर्वेला जाईना की पश्चिमेला, सरळ वर सरकला आणि उत्तर ध्रुवावर गोलाचा स्क्रू असतो ना, त्याच्या जवळून गेला! म्हणजे जवळचा रस्ता पृथ्वीच्या डोक्यावरून. सपाट नकाशाने शाळेपासून काय गंडवलंय राव.

बरं, विमान काही दोऱ्यावरून जात नाही. एअर इंडियाचं विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला आधी अटलांटिकवरून जायचं, जवळपास १३,९०० किमी. २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, १५,३०० किमी. चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान आधी पोचायला लागलं, कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, तो आधी तोंडावर यायचा आता पाठीवर आला. मग लांबचा रस्ता कुठला म्हणायचा?

वाऱ्याचं एक ठीक आहे, पण माणसंही कमी नाहीत. फिनलंडमधलं हेलसिंकी ते टोकियो रशियावरून साडेनऊ-दहा तासांत व्हायचं, २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं जागची हललेली नाहीत हां. तसं हे नवीनही नाही, सोव्हिएत काळातही हे आकाश बहुतेक बंदच असायचं, म्हणून युरोपातून जपानला जाणारी कितीतरी विमानं अलास्कात अँकरेजला इंधन भरायला उतरायची.

एक मात्र बरंय, पृथ्वीचा घेर ४०,००० किमी, त्यामुळे कुठलीही दोन शहरं फार तर २०,००० किमीवर, त्याच्यापुढे गेलात की परत जवळच यायला लागता.

हे सगळं डोक्यात असताना एकदा विमानात बसलो आणि सीटसमोरच्या स्क्रीनवरचा 'उरलेलं अंतर' हा आकडा सोडून दुसरं काही बघितलंच नाही, पिक्चर नाही, झोप नाही. हजारावरून शंभरावर आला, मग ४१, लोकांनी बूट घातले, आणि तेवढ्यात खाली उतरायला जागा नाही म्हणून विमान घिरट्या घालायला लागलं. ४१ चे ४६ झाले, ४६ चे ५३. शेजारच्या आजोबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावून बघितलं.