आईंच्या गुडघ्यांना जमेल असं मोटरहोम

आमच्या घरी छोटं मोटरहोम, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, घ्यायचं ठरलं ते आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. नर्मदेची त्यांना फार ओढ. पण गुडघे धरलेले, आणि इंदूरहून महेश्वर जेमतेम ९० किलोमीटर असलं तरी वाटेत कमोड असलेलं स्वच्छ शौचालय मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून निघायच्या दिवशी त्या सकाळपासून पाणीच पीत नसत. मला ते बघवत नसे. त्यामुळे गाडी बघताना मी तीनच प्रश्न धरून बसले होते. आईंना आत चढता येईल का? आत सरळ उभं राहता येईल का? आणि रात्री कुणाला न उठवता शौचालयापर्यंत जाता येईल का? टीव्ही, ओव्हन, रंगीत दिवे विकणारे हौसेनं दाखवतात; मी ते बघून पुढे जायची.

ह्यांचा कल आधी मारुती ईकोकडे होता. कारणं रास्त होती: स्वस्त, सरकते दरवाजे, कुठल्याही गल्लीत शिरते, दुरुस्ती कोपऱ्यावर होते. पण मापं बोलतात. ईकोची बाहेरची उंची १८२५ मिलिमीटर, म्हणजे सहा फूटही नाही; आत उभं राहणं विसरा. बाहेरची रुंदी १४७५ मिलिमीटर, तेव्हा मोठ्या माणसाला आडवं झोपताही येत नाही, बेड लांबीतच टाकावा लागतो. दोन तरुण माणसांना ती छान पुरेल. माझ्या लेकीला आणि तिच्या मैत्रिणींना मी डोळे मिटून तीच सुचवीन. आमची गरज मात्र तिथे भागत नव्हती.

मग एका शनिवार-रविवारसाठी मोठी कॅरव्हॅन, म्हणजे मोठं मोटरहोमच, भाड्यानं घेतली. विकत घेण्याआधी एक रात्र भाड्याच्या गाडीत काढाच, हे मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते. शोरूममध्ये दहा मिनिटं बसून जे कळत नाही ते एका रात्रीत कळतं. आम्ही मानपूरचा घाट उतरून धामनोदवरून महेश्वरला गेलो. हमरस्त्यावर काही अडचण नाही. महेश्वरात शिरल्यावर किल्ल्याकडच्या गल्ल्या तिला पेलेनात, गाडी गावाबाहेर लावून आईंना रिक्षानं घाटावर न्यावं लागलं. मांडूलाही जुन्या दरवाजांपाशी रस्ता अरुंद होतो, आणि जाम गेटवरून मंडलेश्वरला उतरणारी वळणं लांब गाडीला नकोच. पण त्याच गाडीत आई रात्री दोनदा स्वतःहून उठल्या, भिंतीवरच्या दांडीला धरून गेल्या आणि परत येऊन झोपल्या. उंची हवी, लांबी नको, हे तिथेच पक्कं झालं.

आपल्याकडे इंदूरजवळ पीथमपूरला फोर्स मोटर्स कंपनीची ट्रॅव्हलर ही उंच व्हॅन तयार होते, त्यामुळे तिचे मिस्त्री आणि सुटे भाग इंदुरात सहज मिळतात. नावापुढचे ३०५०, ३३५०, ३७०० हे आकडे व्हीलबेसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचे, मिलिमीटरमधले. आम्ही सर्वांत आखूड, ३०५० वर बांधलेलं घ्यायचं ठरवलं. आत ह्यांना ताठ उभं राहता येतं, आणि आमच्या गल्लीत ती एका दमात वळते. उंची मात्र आठ फुटांच्या वर जाते, तेव्हा तळघरातलं पार्किंग विसरायचं. घरासमोरच्या गुलमोहराच्या फांद्या आणि लोंबत्या केबल आम्ही टेप धरून मोजल्या.

आता कागदपत्रं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मला ठाम वाटतं. ओळखीतले बरेच जण म्हणाले, साधी व्हॅन घ्या, सुताराकडून आत बेड-कपाटं करून घ्या, निम्म्यात होईल. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, नोंदीशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये ते कडक शब्दांत सांगितलं. शिवाय असा बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. आईंना मागे बसवून मी ती जोखीम घेणार नव्हते. मोटर कॅरव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बसायच्या जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची जागा, एवढं गाडीत हवं आणि ते पक्कं बसवलेलं हवं. टेबल तेवढं काढता आलं तरी चालतं. या मानकाची मान्यता असलेल्या बांधणाऱ्याकडूनच गाडी घेतली की नोंदणी सरळ होते. नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर मोटर कॅरव्हॅन आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असे वर्ग आहेतच. खासगीत नोंद झाली की पंधरा वर्षं आरसी, दर दोन वर्षांच्या फिटनेसची धावपळ नाही. लायसन्सची काळजी आधी वाटायची, पण एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचंच लायसन्स चालतं, आणि ही गाडी त्याच्या निम्म्याच्या आसपास.

वजनाबद्दल कुणी आपणहून बोलत नाही, आणि मला तीच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गाडीला परवानगी असलेलं एकूण वजन ठरलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, उरलं तेवढ्यात माणसं, पाणी, फर्निचर, सगळं बसायला हवं. १८ मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट तीस-पस्तीस किलो भरते. म्हणून कपाटांना बारा मिलिमीटर घ्यायला लावलं. ७० लिटर पाणी म्हणजे सरळ ७० किलो. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या घरात जाते, तर १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बारा-तेरा किलोत येते आणि वापरायला वीज जवळपास तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच देते. बांधणाऱ्याला आम्ही सांगितलं की टाकी भरून, सगळे आत बसून गाडी धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर चढवू, पुढचा आणि मागचा धुरा वेगळा तोलू, आणि मगच शेवटचा हप्ता देऊ. त्यानं हसून मान्य केलं. पाण्याची टाकी मागच्या धुऱ्याच्या मागे होती, ती मागचा भार कमी करायला या बोलण्यातूनच पुढे सरकली.

विजेचा हिशेब लेकीनं वहीत मांडला. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज ४५ वॅटचा, दिवसभरात निम्मा वेळ चालतो असं धरलं तर सुमारे ५४० वॅट-अवर. पंखा रात्रभर २००. दिवे आणि मोबाइल मिळून ८० च्या आसपास. बेरीज ८२०. बॅटरीत १२८० असतात, त्यातले हजारेक वापरायचे, म्हणजे एक अख्खा दिवस-रात्र निघून वर थोडी उरते. वाटेवर इंजिनावर चालणारा अल्टरनेटर बॅटरी पुन्हा भरतो, छतावरचं सोलर त्यात भर घालतं. एसी या हिशेबात बसत नाही, तो एकटा तासाभरात सगळं खाऊन टाकतो. पर्यटन महामंडळाच्या मांडूच्या मालवा रिसॉर्टसारख्या ठिकाणी प्लग मिळाला तर एसी, नाही तर नाही. एप्रिल-मेमध्ये आईंना घेऊन गाडीत झोपायला जायचंच नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवून टाकलं. माळव्यातल्या हिवाळ्याच्या रात्रींना पंखासुद्धा लागत नाही.

शौचालय कॅसेटचं घेतलं. खालची टाकी बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची, हँडल धरून न्यायची, शौचालयातच रिकामी करायची, घरी किंवा रिसॉर्टच्या परवानगीनं. नाल्यात नाही, शेतात नाही, नर्मदेत तर नाहीच नाही. ज्या इंदुरात लहान मुलंसुद्धा ओला-सुका कचरा वेगळा टाकतात, त्या गावच्या माणसानं दुसऱ्याच्या घाटावर घाण करणं मला सहन होणार नाही. कॅसेट भरल्यावर वीस किलोच्या आसपास जाते. ते काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं आहे.

गॅसच्या बाबतीत एवढंच. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही. पाच किलोचा घेतला, वेगळ्या बंद कप्प्यात, आणि कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. पोह्यांचं पातेलं मात्र आम्ही छपरीखाली, बाहेरच चढवतो.

पायऱ्यांची मापं आईंनीच दिली. बांधणाऱ्याकडे त्या स्वतः आल्या, विटा रचून उंची ठरवली, धरायची दांडी कुठे हवी ते हात लावून दाखवलं. चालत्या गाडीत पाठी त्यांना झोपू देत नाही, बेल्ट लावून समोर तोंड करून बसायचं, यावर थोडी कुरबुर झाली. शेवटी खिडकीशेजारची जागा त्यांची, या अटीवर मिटलं. विमा उतरवताना आतल्या सगळ्या वस्तूंची किंमत कंपनीला लेखी कळवली, फ्रिज आणि बॅटरीसकट, आणि तो कागद आरसीच्या पाकिटातच ठेवला आहे.