गुरुजींचं ‘नको’

अमळनेर तालुक्यातलं घर. मालक निवृत्त शिक्षक, वय ७१. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. तोंडात एकच शब्द उरला, ‘नको’. चहा विचारला तर नको, आणि कप हातात दिला की पितात. त्यामुळे घरात त्या शब्दाला काही किंमत राहिली नव्हती.

घर चाकाच्या खुर्चीला सोयीचं करायला मुलाने मला बोलावलं तेव्हा दारात ९ फुटांचा उतार आधीच झालेला होता. जोतं १८ इंच, म्हणजे एकास सहा, एक फूट चढायला सहा फूट लांबी. मिस्त्री म्हणाला, “गाडी चढते की साहेब.” गाडी म्हणजे मोटरसायकल. आपल्याकडे दारातला उतार गाडीसाठीच होतो, म्हाताऱ्या माणसाला त्यावरून जायचं असेल हे कुणाच्या गावीही नसतं. एकास बारा ही माझ्या हिशेबात शेवटची हद्द. १८ इंचांना १८ फूट लागतात, शिवाय दारासमोर ५ बाय ५ चा सपाट चौथरा, नाहीतर खुर्ची मागे घरंगळते. अंगण १५ फूट. मग ९ फूट भिंतीला धरून, कोपऱ्यात पुन्हा ५ बाय ५ चा चौथरा, तिथून वळून ९ फूट बाहेर, असा काटकोनात काढला.

काळ्या मातीत उताराचं खरं काम जमिनीखाली असतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घर जागेवर राहतं, उतार खचतो आणि जोत्याशी अर्ध्या-पाऊण इंचाची पायरी तयार होते. चालणाऱ्याला ती दिसतही नाही, पण खुर्चीची पुढची लहान चाकं तिथेच अडतात आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून अडीच फूट माती काढून मुरूम भरला, सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. जोत्यात दर फुटाला १२ मिलिमीटरची सळई बसवून उताराचा स्लॅब तिला बांधला. वर गुळगुळीत कोटा फरशी टाकायचा मुलाचा आग्रह मोडून काढला आणि ओल्या काँक्रीटवर आडवा खराटा फिरवला. कडेला ३ इंचांची कड, चाक बाहेर जाऊ नये म्हणून.

उंबरठ्यावर मात्र अडलं. ४ इंच उंच सागाचा. वहिनी म्हणाल्या, रोज हळदकुंकू वाहते, काढू देणार नाही. त्याच लाकडाची पट्टी कापून फरशीच्या पातळीत बसवली. पूजा चालू आहे, खुर्चीही जाते.

संडास हे माझ्या मते या घरातलं सगळ्यात नीट झालेलं काम. मूळ नकाशात भिंत कमोडच्या उजवीकडे होती आणि धरायचा बारही तिकडेच. उजवा हातच चालत नाही, तर तो बार काय टॉवेल वाळवायला? कमोड फिरवून भिंत डावीकडे आणली. त्यासाठी मैल्याचा ४ इंची पाइप पुन्हा खोदून टाकावा लागला, प्लंबर दोन दिवस बोलला नाही. बैठक फरशीपासून १८ इंच, बार बैठकीच्या वर ९ इंच. भिंत साडेचार इंची, प्लॅस्टर पोकळ, बोल्ट धरायला भिंतीत ठोकलेली गट्टी हाताने उपसून आली. मग बोल्ट आरपार काढले आणि पलीकडे लोखंडी पट्टी लावली. माझं वजन ८२ किलो, दोन्ही पाय उचलून लटकलो. दार बाहेर उघडतं. आत उघडणारं दार आत पडलेल्या माणसालाच अडतं, आणि मग ते तोडावं लागतं.

मे महिन्यात काम ताब्यात दिलं. फिजिओथेरपीवाल्याने सांगितलं होतं, दिवसातून तीनदा रेलिंग धरून उतारावरून चालवा. गुरुजी चालेनात. रेलिंगला हात लावला की नको. आठवडाभर दोघं जण त्यांना उचलून अंगणात नेत होते. मुलगा म्हणाला, हट्टी आहेत पहिल्यापासून. मीही मान डोलावली.

पुढच्या खेपेला गेलो ते दुपारी दोनला. रेलिंगला जुनी सुती साडी गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. वहिनींनी एका टोकाची साडी सरकवली आणि म्हणाल्या, “हात तर लाईसन पाहा भाऊ, पाईप कसा तपस ते!” चकचकीत स्टील, दीड इंची, पश्चिमेचं ऊन. दोन सेकंदही हात टेकवेना. फॅब्रिकेटर आणि मी, दोघांनीही ते डिसेंबरात ठरवलं होतं. साडीने चटका गेला, पण जाडी दोन इंचांच्या वर गेली. बोटं मिटत नाहीत आणि पकड बसत नाही. स्टीलचे खांब तसेच ठेवून वर सागाचा दीड इंची गोल दांडा बसवला. केळीच्या रोपांवर टाकतात ती हिरवी जाळी वर ताणली.

तरी संध्याकाळी, गार वाऱ्यात, कोपऱ्यावर आले की नको. चढताना नाही, फक्त उतरताना. मी गमछाने उजवा हात अंगाशी बांधला, उजवा पाय ओढत उतरलो. कोपऱ्यात दोन दांड्यांमध्ये ७ इंचांची फट होती. दोन हातांचा माणूस एक हात सोडून दुसऱ्याने पुढचा दांडा धरतो. एका हाताच्या माणसाला पुढचा धरायचा तर आधी हातातला सोडावा लागतो. चढताना गुरुजींचा डावा हात ज्या बाजूला असतो, तिथे दांडा सलग होता. उतरताना जी बाजू येते तिथेच वेल्डरने हात आखडला होता. नकाशात मी सलग काढला होता, पण जागेवर जाऊन तपासला नव्हता. ती फट वळवलेल्या तुकड्याने सांधली आणि दोन्ही टोकं उताराच्या पुढे एक-एक फूट काढली. दुसऱ्या दिवशी गुरुजी खाली उतरले.

आता एक ‘नको’ उरलंय. संडासातून परत खुर्चीवर येताना. जाताना डावीकडे सरकायचं असतं, येताना उजवीकडे, लुळ्या बाजूला. खुर्ची तिरकी लावून पाहिली, बार ४ इंच पुढे घेऊन पाहिला. पुढच्या शुक्रवारी गमछा घेऊन पुन्हा जाणार आहे.