घोडा चढवलेला, सेफ्टी लावलेली

परवाना हातात पडायच्या कितीतरी आधी पिस्तूल कोणतं घ्यायचं हे मी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. त्याचं नावच १९११. जॉन मोझेस ब्राउनिंगची रचना, मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेली आणि १९८५ पर्यंत नेमणुकीचं पिस्तूल म्हणून टिकलेली. निवडीच्या चाचणीत सहा हजार गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू करायचं, तरी एकदाही अडकलं नाही, ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवायचो. परवाना कशासाठी काढला ते इथे सांगत बसत नाही. कपड्यांखाली, कुणाच्या लक्षात न येता, रोज जवळ बाळगायचं होतं, एवढं पुरे.

प्रशिक्षण देणाऱ्या सरांनी माझं सगळं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून निळ्या रंगाचं एक नकली १९११ काढून दिलं. आकार तोच, वजनही जवळपास तेच, फक्त आत काही यंत्रणा नाही. म्हणाले, ‘पंधरा दिवस घरात हे लावून वावरा. मग बोलू.’

तिसऱ्या दिवशीच मला कळायला लागलं. रिकामं असताना हे पिस्तूल सुमारे १.१ किलो भरतं. माझा नेहमीचा पट्टा संध्याकाळपर्यंत एका बाजूला लोंबायचा आणि दर अर्ध्या तासाने पँट वर ओढावी लागायची. बायको म्हणाली, ‘अहो, तुम्ही सारखी कंबर चाचपताय. असं करणार असाल तर लपवून काय उपयोग?’ नाकापेक्षा मोती जड, हे तिने तोंडाने म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

त्या पंधरवड्यात एक गोष्ट मात्र पुरती कळली. लपवण्यात अडचण करते ती नळी नव्हे, मूठ. पाच इंची नळी पँटच्या आत निमूट राहते. वाकलं की शर्टातून टोक काढते ती मुठीची खालची कड. म्हणून सव्वाचार इंची नळीचं, अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं, कमांडर नावाचं त्याचंच रूप घेतलं तर वजन उतरतं, पण मूठ तेवढीच राहते. मूठही तोकडी करायची तर साडेतीन इंची छोटी रूपं आहेत. पण स्लाईड, म्हणजे दर गोळीला मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, आखूड झाली की तिला मागे जाऊन परत यायला अंतर कमी मिळतं, आणि मग ते पिस्तूल स्प्रिंग, मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) आणि गोळीच्या बाबतीत फार नखरे करतं. मूळ मापात जे शंभर वर्षं चाललं ते कापून छोटं केलं की तसंच चालेल, असं मी उगाच गृहीत धरलं होतं.

तरीही हट्ट सुटेना. वजनाची सवय होईल, जाड पट्टा घेऊ, असं चाललं होतं. हट्ट सुटला तो रेंजवर. चुकून गोळी सुटू नये म्हणून १९११ ला दोन सेफ्टी असतात: अंगठ्याखालची कळ आणि मुठीच्या मागच्या बाजूची पट्टी. ती पट्टी तळहाताने दाबली गेल्याशिवाय ट्रिगर चालत नाही. मला शिकवलेली पकड अशी की उजवा अंगठा अंगठ्याच्या सेफ्टीवर टेकवून ठेवायचा. अंगठा वर गेला की माझ्या तळहाताचा मांसल भाग मुठीपासून किंचित सुटतो. सावकाश नेम धरून झाडताना काही जाणवलं नाही. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, झटकन काढून झाडायच्या सरावात मात्र दोनदा ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही. पट्टी पुरती दाबली गेली नव्हती. सर म्हणाले, ‘तुमच्या हाताचा दोष नाही, पिस्तुलाचाही नाही. जमत नाही एवढंच.’ या पट्टीवर उंचवटा ठेवलेल्या आवृत्त्या मिळतात, कारागिराकडून तसा बसवूनही घेता येतो. पण ज्यावर जीव टाकायचा त्याच्याबद्दल मनात एकदा शंका शिरली की ती कारागिराच्या हातून जात नाही.

मग महिनाभर मी बाकीची जुनी मंडळी हाताळली. वॉल्थर पीपीके १९३१ पासूनचं, जेमतेम सहाशे ग्रॅमचं, लपवायला सगळ्यांत सोपं. पण त्यात नळी आणि स्लाईड एकमेकांत अडकत नाहीत. झटका आवरायला फक्त स्लाईडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर. त्यामुळे .३८० मापाच्या गोळीला ते चिमुकलं पिस्तूल हातात असं उसळतं की त्यापेक्षा नऊ मिलिमीटर गोळीचं मोठं पिस्तूल परवडलं. शिवाय गोळी झाडायची तर सेफ्टी वर ढकलायची, आणि माझा अंगठा तोवर खाली ढकलायला शिकलेला. सीझेड ७५ वर माझं मन बसत आलं होतं. कौत्स्की बंधूंची ही रचना, स्लाईड सांगाड्याच्या बाहेरून नव्हे तर आतून सरकते, म्हणून निशाणा सुरेख लागतो. पण तीच स्लाईड मागे ओढताना धरायला जेमतेम जागा मिळते, आणि वजन पुन्हा एक किलोच्या घरात.

आणि मग ब्राउनिंग हाय पॉवर हातात आलं.

या पिस्तुलाबद्दल लिहायला लागलो की मी वाहवतो, हे आधीच सांगून टाकतो. फ्रेंच लष्कराला जास्त गोळ्यांचं पिस्तूल हवं होतं, म्हणून बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी ब्राउनिंगने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात काम सुरू केलं. अडचण अशी की १९११ चे पेटंट कोल्ट कंपनीकडे, म्हणजे त्याला स्वतःच्याच कल्पना टाळून दुसरी वाट काढावी लागत होती. नोव्हेंबर १९२६ मध्ये लिएजला, त्याच कारखान्यात काम करताना तो गेला. पुढचं काम द्यूदोने सेव्ह याने केलं. दोन रांगांत गोळ्या बसणारं मॅगझीन ही त्याची करामत, आणि कोल्टच्या पेटंटची मुदत संपल्यावर त्यातलं हवं ते त्याने मोकळेपणाने घेतलं. १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने ते स्वीकारलं: तेरा गोळ्या मॅगझीनमध्ये, चौदावी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, झाडायला तयार. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हा त्यांनी ते आपल्यासाठी बनवून घेतलं, आणि तिकडे कॅनडात इंग्लिस कंपनी मित्रराष्ट्रांसाठी तेच बनवत होती. एकाच युद्धात दोन्ही बाजूंच्या कमरेला एकच पिस्तूल.

मला त्या इतिहासापेक्षा भावली ती मूठ. तेरा गोळ्या पोटात घेऊनही ती हातात गुबगुबीत वाटत नाही. सुमारे नऊशे ग्रॅम वजन, बारीक अंगाची स्लाईड, आणि मुख्य म्हणजे मुठीच्या मागे ती पट्टी नाही. अंगठ्याची सेफ्टी खाली, की तयार.

एफएनने जुन्या रचनेचं उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबवलं. २०२२ मध्ये त्यांनी याच नावाचं नवं पिस्तूल काढलं, पण ते आतून वेगळं आणि अंगाने मोठं. मला जुनंच हवं होतं, म्हणजे वापरलेलं घेणं आलं. त्यातही फार जुनं नको. आधीच्या पिस्तुलांच्या माश्या (नेम धरायच्या खुणा) इतक्या बारीक की दुपारच्या उन्हातही शोधाव्या लागतात, सेफ्टीची कळ नखाएवढी, आणि पिस्तूल पडलं तर गोळी पेटवणारी पिन पुढे सरकू नये म्हणून आत अडसर नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या मार्क थ्री या आवृत्तीत हा अडसर आहे, माश्या ठळक आहेत, सेफ्टी दोन्ही बाजूंना आहे, आणि चेंबरकडे जाणारा उतार पोकळ टोकाच्या गोळीला सोसेल असा आहे. जुना उतार गोल टोकाच्या लष्करी गोळीसाठी केलेला. बाळगायला पोकळ टोकाचीच गोळी वापरायची, तर हा मुद्दा बारीक नव्हता.

मला मिळालं ते मार्क थ्री, वरचा काळा थर जागोजागी उडालेलं. सोबत आलेली दोन मॅगझीनं थकलेली होती. शेवटच्या दोन गोळ्या वर यायला कुरकुरायची, आणि पहिल्या दिवशी शंभरात चार वेळा अडकलं. मी हादरलोच. सरांनी पिस्तुलाला हातही न लावता मॅगझीनची स्प्रिंग बोटाने दाबून दाखवली. नवी मॅगझीनं घेतली, मुख्य स्प्रिंग बदलली, आणि मग रोज बाळगायच्या गोळीच्या दोनशे फैरी एकही खोळंबा न होता जाईपर्यंत घराबाहेर न्यायचं नाही, असा नियम घालून घेतला. दोनशे गेल्या.

दोन दुखणी मात्र जन्मजात. एक म्हणजे चावा. स्लाईड मागे येताना घोड्याची, म्हणजे पिनवर आपटणाऱ्या हॅमरची, शेपटी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी चिमटीत पकडते. माझे हात मांसल, पहिल्या दिवशीच रक्त. कारागिराने शेपटी कापून गोलसर करून दिली तेव्हा थांबलं. दुसरं म्हणजे ट्रिगर. मॅगझीन काढलं तर पिस्तूल उडू नये अशी व्यवस्था यात आहे, फ्रेंचांच्या मागणीतून आलेली. त्यासाठी ट्रिगरला जोडलेला एक तुकडा मॅगझीनच्या अंगावर घासत राहतो, आणि ते घासणं बोटाला कळतं, वाळूत पाय ओढल्यासारखं. बरेच जण तो तुकडा काढून टाकतात. मी ठेवला. सेफ्टीचा एक भाग मी स्वतः होऊन काढला, हे कधी कुणासमोर समजावून सांगायची पाळी येऊ नये, इतका साधा हिशेब. हजारभर वेळा दाबून तो गुळगुळीत झाला आहे, किंवा माझं बोट निबर झालं आहे.

आता ज्याला खरे महिने लागले ते. हे पिस्तूल ज्या रीतीने बाळगायचं असतं ती रीत अशी: चेंबरमध्ये गोळी, घोडा चढवलेला, सेफ्टी लावलेली. चढवलेला घोडा आरशात बघून पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. नव्या प्लास्टिकच्या पिस्तुलांतही आतली पिन बऱ्यापैकी ताणलेलीच असते, फक्त दिसत नाही, हे डोक्याला पटत होतं. पोटाला पटत नव्हतं. मी आठवडाभर घोडा उतरवून वावरलो. सरांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. गोळी चेंबरमध्ये असताना ट्रिगर दाबून अंगठ्याने घोडा सावकाश खाली सोडायचा, आणि तो अंगठा एकदा निसटला की झालं. रोज ही जोखीम घ्यायची ती कशासाठी, तर घोडा दिसतो म्हणून! पुढचा आठवडा त्यांनी मला चेंबर रिकामं ठेवून, घोडा चढवून आणि सेफ्टी लावून फिरायला लावलं, आणि रात्री तपासून लिहून ठेवायला सांगितलं की घोडा पडला का. सात दिवसांत एकदाही पडला नाही.

पण वहीत एक नोंद वेगळी निघाली. चौथ्या दिवशी घोडा जागेवर होता, सेफ्टी मात्र खाली आलेली. म्हणजे गाडीतून उतरल्यापासून किती वेळ मी तसाच हिंडत होतो कोण जाणे. चेंबर रिकामं होतं म्हणून, नाहीतर विचार करवत नाही. कारण शोधायला दोन दिवस गेले. मी उजव्या हाताने झाडतो, पिस्तूल उजव्या कमरेला. डावीकडची कळ अंगाच्या बाजूला, होल्स्टरच्या उंच कडेआड सुरक्षित. उजवीकडची, जी मला कधीच लागत नाही, ती मात्र बाहेर उघडी, आणि गाडीत बसता-उठताना सीटबेल्टचं बक्कल नेमकं तिच्यावर घासत होतं. जी सोय म्हणून मी मार्क थ्री निवडलं, त्यातलीच एक मला नडली. होल्स्टरही मऊ चामड्याचं होतं, घाईत घेतलेलं. आता आहे ते कडक, याच पिस्तुलाच्या मापाने घडवलेलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि सेफ्टी वरच राहील अशी बाहेरच्या कळीखाली आधाराची कड असलेलं. पट्टा दुहेरी चामड्याचा. खर्च पिस्तुलावर करावा आणि होल्स्टरवर वाचवावा, ही अक्कल माझ्यासारख्या पुष्कळांची असते.

आत घालताना शर्टाचं टोक बाजूला धरायचं, बोट ट्रिगरपासून लांब, अंगठा घोड्यावर. काही अडकून घोडा हलायला लागला तर अंगठ्याला आधी कळतं. हे सगळं पिस्तूल रिकामं करून, दोनदा बघून, मॅगझीनमध्ये नकली गोळ्या भरून, भिंतीकडे तोंड करून रोज रात्री दहा मिनिटं. मॅगझीन आत हवंच, नाहीतर ट्रिगर चालत नाही. सुरुवातीला दहात तीनदा सेफ्टी खाली करायची राहायची आणि ट्रिगर दगडासारखा लागायचा. चौथ्या महिन्यात मोजणं सोडलं. अलीकडे भिंतीत खिळ्यासाठी ड्रिल धरलं तरी अंगठा तिथे नसलेली कळ खाली दाबतो. बायकोने बघितलं आणि हसत सुटली.

सरांचं मत बदललेलं नाही. ते स्वतः साधं, सेफ्टीची कळ नसलेलं नवं पिस्तूल बाळगतात आणि नव्या माणसाला तेच सुचवतात. मलाही कुणी विचारलं तर मी त्यांच्याकडेच पाठवतो. सोन्याची सुरी झाली म्हणून उरात खुपसून घ्यायची नसते, हे मला त्या चौथ्या दिवसाच्या नोंदीने शिकवलं. ती वही अजून ठेवली आहे. रात्री पिस्तूल तिजोरीत ठेवण्याआधी सेफ्टी वर आहे की खाली ते बघतो आणि एक खूण करतो. गेल्या चौदा महिन्यांत ‘खाली’ असं एकदाही लिहावं लागलेलं नाही.