त्याच चार मात्रा परत

लंडनमध्ये साउथबँकला टुमॉरोज वॉरियर्सची पोरं वाजवतात, जमेल तेव्हा मी जाऊन ऐकतो. १९९१ ला बेसवादक गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयर्न्सनी हे सुरू केलं, तरुण पोरांना जॅझ शिकवतात आणि तेही फुकट! एझ्रा कलेक्टिव्हवाले इथंच एकमेकांना भेटले, २०२३ ला मर्क्युरी प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधला अल्बमसाठीचा मोठा पुरस्कार, मिळवणारा तो पहिला जॅझ बँड.

पण मला आठवते ती एक ट्रम्पेटवाली पोरगी, सोलो घेताना मधेच अडकली, ट्रम्पेट खाली घेतला, तर मागच्या बेसवाल्या दादानं थांबायचं नावच घेतलं नाही, तिच्याकडे बघत त्याच चार मात्रा फिरवत राहिला, अगदी आपला तबलजी गायकाला सांभाळून घेतो ना तसं, आणि तिसऱ्या फेरीला ती आली की परत, अशी मोकळी वाजली, माझे डोळेच भरले.