देव्हाऱ्यातला पट्टेवाला

नाशिकच्या भांडीबाजारात आमचं जुन्या पितळेचं दुकान. मोडीत आलेल्या घंगाळ-तपेल्यांचा ढीग रोजचाच. त्यामुळे आषाढातल्या एका भिजक्या दुपारी काकूंनी पिशवीतून पितळी चकती काढून पुढे केली, तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही.

"खंडोबाचा टाक आहे, भाऊ. सासूबाई रोज पुजायच्या. वाडा पाडतोय, फ्लॅटमध्ये देव्हारा लहान."

चकती तळहाताएवढी, लंबगोल, कडेनं पाकळ्या. प्रभावळच म्हणा ना. मधे हळदीकुंकवाचा असा थर की बोट फिरवलं तरी देव लागेना.

मी वस्तू आधी उलटी करतो. पुढून पॉलिशवाला कितीही नटवेल, पाठीकडे कुणी बघत नाही. टाक म्हणजे ठशावर ठोकलेला पातळ पत्रा, मागून पोकळ. हिची पाठ सपाट, जाडी तीनेक मिलिमीटर, वजन सव्वाशे ग्रॅम. शिवाय डाव्या-उजव्या अंगाला डाख देऊन बसवलेल्या दोन चपट्या कड्या. देवाला कड्या कशाला?

चकती चिंचेच्या कोळात टाकली, चहा सांगितला. मग ब्रशनं हलकेच घासत गेलो तशी अक्षरं वर आली. कोरलेली, आत काळी लाख भरलेली. वर इंग्रजीत ‘मामलतदार, निफाड’, त्याखाली ‘नासिक डिस्ट्रिक्ट’, मग मोडी लिपीतली एक ओळ आणि १७ हा आकडा. माझी मोडी अडखळतच चालते, पण ‘शिपाई’ एवढं लागलं.

ही चपरास. इंग्रजी अमलात कचेरीचा शिपाई समन्स-नोटिसा घेऊन गावात शिरला की या चकतीवरून तो सरकारी माणूस हे कळायचं. चपरास वागवतो तो चपराशी, आणि ती ज्या पट्ट्याला लावायची त्यावरून पट्टेवाला. (जन्मभर पट्टेवाला म्हणतोय, पट्टा कुठला ते कधी डोक्यात आलं नव्हतं.) नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ साली, म्हणजे चकती त्यानंतरचीच.

काकूंचा चहा निवून गेला. "पण सासूबाई तर सांगायच्या, आजेसासरे मामलतदार होते."

मी गप्प. मोडीत घालायचा भाव विचारायच्या ऐवजी त्यांनी चकती पदरानं कोरडी केली, पिशवीत ठेवली आणि तिथूनच लेकाला फोन लावला.

"अरे, पणजोबा मामलतदार नव्हते. पण रोज भेटायचे त्याला!"