आमच्या रानावरचं मैदान

आमच्या गटावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं २००८ साली. बत्तीस गुंठे. डीपीचा, म्हणजे नगरपरिषदेच्या विकास योजनेचा, नकाशा बघितला तर चहूबाजूंनी पिवळा, म्हणजे रहिवास, आणि मधोमध आमचा तुकडा हिरवा. त्या मैदानावर आजवर एकही पोर खेळलं नाही. आम्ही हरभरा करतो, कधी शाळू. नगरपरिषदेने ना जागा घेतली, ना पैसे दिले, ना आम्हाला काही करू दिलं.

अण्णांनी २०१६ साली नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम ३७ खाली अर्ज केला, की आरक्षण उठवा आणि गट रहिवास विभागात घ्या. मंजूर योजनेत फेरबदल करायचा हा रस्ता. त्यात आधी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, मग हरकती-सूचना, मग शासनाची मंजुरी. आमचा अर्ज पहिल्याच पायरीवर पडून राहिला आणि दोन वर्षांनी चार ओळींचं पत्र आलं: सार्वजनिक हिताच्या दृष्टीने मागणी मान्य करता येत नाही. खाली सही, बाजूला जावक क्रमांक. बास. (गावातलं दुसरं एक आरक्षण दरम्यान अलगद सरकलं. कसं, ते गावाला ठाऊक आहे.)

अण्णांना त्या पत्राविरुद्ध अपील करायचं होतं. सांगलीच्या वकीलबाईंनी पत्र एकदा वाचलं आणि म्हणाल्या, "याला अपील नाही, मॅडम. कलम ४७ चं अपील बांधकाम परवानगी नाकारली तर शासनाकडे, तेही चाळीस दिवसांत. तुम्ही परवानगी मागितलीच नाही, नकाशा बदला म्हणालात." नकाराला थेट हायकोर्टात आव्हान देता येतं, पण कुठे मैदान असावं आणि कुठे घरं, हे कोर्ट सहसा स्वतः ठरवायला बसत नाही. त्यांनी विचारलं, "डीपी अंतिम होऊन दहा वर्षं झाली ना? मग विनंती कशाला करताय? नोटीस द्या."

ही नोटीस म्हणजे कलम १२७. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाने खरेदी सूचना द्यायची. त्यानंतर चोवीस महिन्यांत नगरपरिषदेने जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची अधिघोषणा, म्हणजे राजपत्रातली जाहीर घोषणा, निघाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ पासून चोवीस. मुदत दर वेळी कोणाच्या सोयीने वाढली, हे वेगळं सांगायला नको.

नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडावेच लागतात, आणि आमचं घोडं तिथेच अडलं. अण्णा २०१९ ला गेले. वारसनोंद, मग फेरफार, मग मोजणी. सातबाऱ्यावर दोन्ही आत्यांची नावं होती. धाकटी इचलकरंजीची आत्या म्हणाली, "सही करते गं, पण मला हक्कसोड मागू नकोस." कोणी मागितलं होतं! पण तिचंही बरोबर आहे, आमच्याकडे आत्यांकडून सही घ्यायला लोक आले की ते बहुतेक त्यासाठीच येतात. नोटिशीवर सगळ्यांच्या सह्या झाल्या तेव्हा २०२१ उजाडलं होतं.

आवक टेबलावरच्या भाऊसाहेबांनी पहिलं पान वाचलं, उठून आत गेले, परत आले आणि म्हणाले, "ठेवून जा, साहेब बघतील." मी म्हटलं, पोच द्या. ते म्हणाले, उद्या या. मी खुर्ची ओढून बसले. चोवीस महिने त्या शिक्क्यापासून मोजायचे होते. रजिस्टर पोस्टाने दुसरी प्रत पाठवलीच होती, तरी शिक्का घेऊनच उठले. तारीख जरा पुसट उमटली होती, ती त्यांना परत मारायला लावली.

मधल्या काळात टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात पैशांऐवजी दुसरीकडे जादा बांधकामाचा विकता येणारा हक्क, घ्या म्हणून पत्र आलं. पुण्या-मुंबईत टीडीआरला भाव असेल. आमच्याकडे लोक दुमजलीच्या वर बांधत नाहीत, तो वाढीव एफएसआय (बांधकामाची मुभा) विकत घेणार कोण? आम्ही लेखी नाही म्हणालो.

मुदत संपायला महिनाभर असताना सभेने ठराव केला की जागा संपादित करावी, आणि जिल्हाधिकाऱ्यांना एक प्रस्ताव गेला. रकमेची तरतूद शून्य. आम्ही २०२३ मध्ये हायकोर्टात याचिका टाकली, मुंबईला. दोन वर्षं नुसत्या तारखा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, फाईल तिकडे आली, आणि सकाळची एसटी धरून संध्याकाळी घरी यायची सोय झाली. नगरपरिषदेच्या वकिलांनी तो ठराव पुढे केला. न्यायमूर्तींनी विचारलं, अधिघोषणा कुठे आहे? सुप्रीम कोर्टाने गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालात हेच सांगितलंय, की पत्रव्यवहार आणि ठराव म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. आमचं आरक्षण व्यपगत ठरलं. आता शेजारच्या जमिनीला जे चालतं ते आम्हालाही चालेल.

लोक मला टोमणा मारतात, शिक्षिका असून पोरांचं मैदान घालवलंस. माझ्या शाळेला मैदान नाही हे मला रोज दिसतं, पोरं प्रार्थनेच्या जागेतच कबड्डी खेळतात. मैदान हवंच. रास्त मोबदला देऊन घेतलं असतं तर अण्णांनी तेव्हाच सह्या केल्या असत्या. पण पैसे न देता नकाशात रंग भरून ठेवायचा आणि वर आम्हालाच सार्वजनिक हित शिकवायचं, हे मला पटत नाही.

राजपत्रात अधिसूचना अजून यायची आहे. सुधारित विकास योजनेचं कामही सुरू झालंय, सर्व्हेवाले परवा आमच्या बांधावरूनच गेले. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतीला तीस दिवस मिळतात. दादाला सांगून ठेवलंय, नोटीस बोर्डावर लागायची वाट बघू नकोस, दर सोमवारी जाऊन विचारून ये.