तुम्ही विचारलंत म्हणून: “बर्फ पांढरा असतो, यात एवढं काय?”

मी तर्कशास्त्र शिकवते आणि पोलंडच्या तर्कशास्त्रज्ञांच्या नादाला लागलेली आहे, हे ओळखीतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्नकार्यात जेवताना शेजारी बसलेलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, “पोलंड म्हणजे महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिलेले ते निर्वासित लोक ना?” ते पोलिशच, पण माझ्या विषयाशी त्यांचा संबंध नाही. ज्यांनी थोडंफार वाचलेलं असतं त्यांचा प्रश्न वेगळा असतो: “तुमच्या त्या तार्स्कीने म्हणे शोध लावला की ‘बर्फ पांढरा असतो’ हे वाक्य सत्य आहे, जर आणि तरच बर्फ पांढरा असेल. हे तर शेंबडं पोरही सांगेल! एवढ्यावर इतकं मोठं नाव?”

विचारलंत म्हणून सांगते. ते वाक्य म्हणजे सत्याची व्याख्या, असा सरसकट समज आहे. खरं तर ती व्याख्येला घातलेली अट आहे. तुम्ही सत्याची हवी ती व्याख्या करा; तिच्यातून त्या भाषेतल्या प्रत्येक वाक्याबद्दल असं एकेक विधान निघालं पाहिजे. एकाही वाक्याशी अडलं, की व्याख्या नापास. अट शेंबड्या पोराला पटेल अशीच हवी, नाहीतर तिच्यावर भांडणंच होत बसतील. अवघड आहे ते ती पाळणं.

अशी अट घालायची बुद्धी पोलंडमध्येच का सुचली, याचं श्रेय मी एका मास्तरांना देते. काझिमिएश त्वार्दोव्स्की. व्हिएन्नात जन्मले, ब्रेंटानो या तत्त्वज्ञाच्या हाताखाली शिकले आणि १८९५ मध्ये ल्वूफला प्राध्यापक होऊन आले. ल्वूफ तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आता ते युक्रेनमध्ये आहे. या मास्तरांनी मोठा सिद्धान्त असा मागे ठेवला नाही. विद्यार्थी मात्र घडवले. धूसर लिहिणारा माणूस मुळात धूसर विचार करतो, असं त्यांचं म्हणणं, आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांवर ते याच कारणासाठी तुटून पडत.

त्यांचा १९०० सालचा एक निबंध आहे, तथाकथित सापेक्ष सत्यांबद्दल. “ज्याचं त्याचं सत्य वेगळं” हे वाक्य आपल्याकडेही उठता बसता कानावर येतं, तेव्हा मला तो आठवतो. कुणी म्हणतं, “पाऊस पडतोय.” इथे खरं, तिथे खोटं, आज खरं, उद्या खोटं. म्हणजे सत्य सापेक्षच नाही का? त्वार्दोव्स्की म्हणतात, थांबा, वाक्य पुरं करा. आणि स्वतः पुरं करून दाखवतात: १ मार्च १९०० रोजी, ग्रेगोरियन कालगणनेप्रमाणे, मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी बाराला, ल्वूफमध्ये किल्ल्याच्या टेकडीवर आणि तिच्या आसपास पाऊस पडतोय. आता हे खरं असेल तर सगळीकडे आणि कायमचं खरं, खोटं असेल तर कायमचं खोटं. बदलत होतं ते सत्य नव्हे; आपण अर्धवट बोलत होतो. ‘ग्रेगोरियन’ हा शब्दही फुकाचा नाही, कारण त्या शहरातल्या युक्रेनी लोकांच्या चर्चमध्ये जुनी ज्युलियन तारीख चालत असे. या काटेकोरपणाला कुणी कीस काढणं म्हणेल. म्हणोत बापडे.

त्यांचा विद्यार्थी यान वुकाशेविच पुढे वॉर्सात गेला. बारावीच्या गणितात तुम्ही सत्यता कोष्टकं भरली असतील, T आणि F ची. वुकाशेविचने त्यात तिसरी किंमत आणली. पुढच्या वर्षी २१ डिसेंबरला दुपारी मी वॉर्सात असेन की नाही, हे आज ठरलेलंच नसेल, तर त्याबद्दलचं वाक्य आज सत्यही नाही आणि असत्यही नाही, असा त्याचा युक्तिवाद. कंस न वापरता सूत्रं लिहायची त्याची पद्धतही तुमच्या घरात कुणी इंजिनीअरिंग करत असेल तर प्रीफिक्स, पोस्टफिक्सच्या गणितांत भेटली असेल. तिला पोलिश नोटेशन म्हणतात ते म्हणूनच. वॉर्सातल्या स्तानिस्वाव शायेर या भारतविद्येच्या अभ्यासकाने १९३० च्या दशकात हे नवं तर्कशास्त्र घेऊन आपल्या न्यायदर्शनातलं अनुमान नव्याने मांडून पाहिलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी, नाहीतर तार्स्की राहूनच जाईल.

आल्फ्रेड तार्स्की १९०१ मध्ये वॉर्सात जन्मला. सत्यावरचा त्याचा मोठा ग्रंथ पोलिशमध्ये १९३३ ला आला, तेव्हा तो विद्यापीठात शिकवत असला तरी पोटासाठी शाळेत गणिताचा मास्तर होता. त्या ग्रंथात त्याने आधी जुनं भूत बाटलीबाहेर काढलं: स्वतःलाच खोटं म्हणणाऱ्या वाक्याचं कोडं. त्याचा सर्वांत सुटसुटीत अवतार वुकाशेविचचा, असं तो स्वतःच सांगतो. थोडा फेरफार करून इथे देते. या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य सत्य नाही.

आता वरचं ते वाक्य सत्य धरा. मग ते म्हणतं तसं असलं पाहिजे, म्हणजे ते सत्य नाही. बरं, सत्य नाही असं धरा. पण ते हेच तर सांगतंय, म्हणजे सत्य झालं! बर्फाची ती भाबडी अट या वाक्याला लावली की सरळ अंतर्विरोध हातात येतो. तार्स्कीचं निदान असं: जी भाषा स्वतःच्याच वाक्यांना सत्य-असत्य म्हणू शकते आणि नेहमीचं तर्कशास्त्र पाळते, ती अशी गोत्यात येणारच. रोजच्या बोलीभाषा सगळ्या अशाच. म्हणून त्यांच्यासाठी सत्याची अंतर्विरोध नसलेली व्याख्या करण्याचा नाद त्याने सोडून दिला आणि नेमक्या नियमांनी बांधलेल्या भाषा घेतल्या. त्यांच्याबद्दल बोलायचं ते त्यांच्याहून संपन्न अशा वरच्या पातळीच्या भाषेत. तार्स्कीचं नाव घेऊन राजकारण्यांच्या खऱ्याखोट्याचा निवाडा करणारे लेख वाचले की मला हसू येतं, ते यामुळे.

खरी करामत पुढे आहे. ‘प्रत्येक संख्येपेक्षा मोठी अशी एखादी संख्या असते’ हे वाक्य घ्या. सत्य आहे. पण ते सत्य आहे हे त्याच्या तुकड्यांवरून दाखवायला गेलात तर आत सापडतं, ‘क्ष ही य पेक्षा मोठी आहे’. हा तुकडा सत्य की असत्य? प्रश्नच गैरलागू, कारण क्ष कोण आणि य कोण? वाक्यं अनंत, आणि मोठी वाक्यं छोट्या वाक्यांची बनलेलीच नाहीत. मग नियम लावायचा कशाला? तार्स्कीने सत्याला बाजूला ठेवून दुसरीच गोष्ट आधी विचारली: हा तुकडा कोणाला लागू पडतो? क्ष ९ आणि य ४ या जोडीला पडतो, क्ष ४ आणि य ९ या जोडीला पडत नाही. मग ‘नाही’, ‘आणि’, ‘प्रत्येक’ यांचे नियम एकावर एक रचत जायचं. वर पोचल्यावर, मोकळं क्ष किंवा य एकही उरलं नाही की, एक तर ते वाक्य सगळ्या जोड्यांना लागू पडतं किंवा एकाही जोडीला पडत नाही. सगळ्यांना पडत असेल तर वाक्य सत्य. व्याख्येत ‘सत्य’ हा शब्द कुठेही चोरून घेतलेला नाही, आणि भाषेतल्या प्रत्येक वाक्यासाठी ते बर्फासारखं विधान तिच्यातून निघतं. शेंबड्या पोराला हे जमणार नाही. मला समजायलाही बराच काळ लागला.

या लोकांचं पुढे काय झालं तेही लोक विचारतात. ऑगस्ट १९३९ मध्ये तार्स्की एका परिषदेसाठी हार्वर्डला गेला आणि १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. बायको आणि दोन मुलं त्याला १९४६ मध्ये भेटली. आईवडील आणि भाऊ मारले गेले. आडोल्फ लिंडेनबाउम आणि त्याची बायको यानिना होसियासन, दोघंही उत्तम तर्कशास्त्रज्ञ, नाझींच्या हातून मेली. वुकाशेविचचं घर बॉम्बमध्ये गेलं, पुस्तकं आणि हस्तलिखितांसकट. शेवटी तो डब्लिनला स्थिरावला.

आणि बर्फ पांढरा आहे की नाही, हे ठरवायचं कसं? ते तार्स्की सांगत नाही, आणि सांगायचा आवही आणत नाही. १९४४ च्या निबंधात तो उघड म्हणतो की तुम्ही वास्तववादी असा (जग मनाबाहेर आहे असं मानणारे) की चिद्वादी (जग मनावरच अवलंबून आहे असं मानणारे), माझी व्याख्या घेऊन तुम्हाला आपल्या मतावर राहता येईल. काहींना ही पळवाट वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

वाचायचंच असेल तर तोच निबंध वाचा. त्यात चिन्हं फारशी नाहीत. उत्तरार्धात आक्षेपांना उत्तरं आहेत. तुमची ही कल्पना सामान्य माणसाला तरी पटते का, या आक्षेपावर तो आर्ने नेस या नॉर्वेच्या तत्त्वज्ञाने घेतलेल्या पाहणीचा दाखला देतो. सत्य म्हणजे वास्तवाशी जुळणं, हे फक्त १५ टक्के लोकांना मान्य होतं. पण ‘बर्फ पडतंय’ हे वाक्य बर्फ पडत असेल तर आणि तरच सत्य, याला ९० टक्क्यांनी होकार दिला. राहिलेल्या १० टक्क्यांपैकी एखादा पंगतीला शेजारी बसला तर मजा येईल. त्याला मात्र मीच प्रश्न विचारेन.